तिसऱ्या रविवारी न वाचलेलं नाव

१ डिसें., रवि.
नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू. सकाळच्या प्रार्थनेआधी, मिस्सेआधी, फादरनी सूचनांचा कागद हातात दिला. युवा ग्रुपचा लीडर, म्हणून माईक माझा. नाताळच्या गोठ्याचं काम, घरी आजारी असणाऱ्यांना नेऊन द्यायचं कम्युनियन, मग लग्नाच्या घोषणा. आणि वाचता वाचता सिल्वियाचं नाव माझ्याच तोंडून बाहेर आलं. नवऱ्याचं नाव, आईबापांची नावं, ४ जाने., सगळं नीट वाचलं. "कुणाची हरकत असल्यास फादरना कळवावं." तीन रविवार वाचायचं असतं. झाली पहिली वेळ.
ती कॉयरमध्ये, गाणाऱ्यांत, मान खाली, पुस्तक चाळत. दोन वर्षं दर रविवारी ठरवत होतो, आज विचारू. आज...

३ डिसें.
गोठ्याचे बांबू ग्रुपमधल्या रॉकीने आखूड कापले. अंगावर धावून गेलो. "लीडर आहेस की हवालदार? बांबूवर राग कशाला काढतो, जिच्या..." पुढचं त्याने गिळलं. म्हणजे अख्ख्या ग्रुपला माहितीये. फक्त तिला नाही. की तिलाही?
घरी पप्पा वाडीत वांग्यांना पाणी लावत होते. "सरांशी भांडून कॉलेज सोडलंस. आता चर्चपण सोडणार?" मान वर न करता.

८ डिसें., रवि.
दुसरी वेळ. वाचलं.
नंतर फादरना विचारलं, हरकत म्हणजे नेमकं काय धरतात? सकाळपासून तीन मिस्सा झालेल्या, खुर्चीत डोळे मिटून बसलेले. "आधीचं लग्न, जवळचं नातं, जबरदस्ती. कुणाचं मन दुखलं, हे नाही धरत." मग डोळे उघडले. "पुढारपण करतोस ना? मग मनात आवाज आला की लगेच उठू नको. तो पेटवतोय की शांत करतोय, आधी ते बघ."
त्यांना कोणी सांगितलं?

१५ डिसें., रवि.
आनंदाचा रविवार. वेदीपाशी गुलाबी मेणबत्ती. घोषणांत तिचं नाव तिसरं. दुसऱ्यावरून सरळ चौथ्यावर गेलो. बस. तिने कॉयरमधून एकदाच वर बघितलं.
पेटवतोय की शांत... बघितलंच नाही मी.

१६ डिसें.
तिची राजोडीची आत्या सकाळीच फादरांच्या ऑफिसात. मी बाहेर दिव्यांच्या माळा तपासत होतो. "नाव आलं नाय म्हंजे कोनीतरी हरकत घेतली, असंच म्हनतात लोक! नवऱ्याकडून फोन आला, काय लपवलंत म्हनून. पोरीने कालपासून पानीपन घेतलं नाय."
फादर म्हणाले, "गडबडीत राहिलं, बाई. माझी चूक. येत्या रविवारी वाचू."
कागद त्यांनी स्वतः टाइप केलेला. खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी माळेची गाठ सोडवत बसलो.
लग्न मोडेल असं नव्हतं वाटलं. देवाशप्पथ. एक रविवार तरी ती कुणाची नसावी, एवढंच.

१९ डिसें.
नाताळाआधीची पापनिवेदनाची संध्याकाळ. मोठी रांग. जाळीपलीकडे फादर, आवाज पार बसलेला. सगळं सांगितलं.  मग, "हे मला इथे कळलं. बाहेर मी कुणाला सांगू शकत नाही. तुलाही आठवण करून देणार नाही. माझ्यावर आलंय ते माझ्यावर राहील. तुझं काय, ते तू ओळख." क्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून तिच्यासाठी आणि त्याच्यासाठी प्रार्थना, दोघांची नावं घेऊन.
हलकं वाटायला हवं होतं. बाहेर दोघी जणी बोलत होत्या, "फादर आता विसरायला लागले गं. बदली व्हायला पाहिजे." भांडायला तोंड उघडलं. मग माझंच नाव सांगावं लागलं असतं.

२२ डिसें., रवि.
तिसरी वेळ वाचलं. मग कागदावर नव्हतं तेही. "मागच्या रविवारीही हे नाव लिहिलेलं होतं. फादर विसरले नव्हते. मी वाचलं नाही. मुद्दाम." कुणाचं तरी बाळ रडलं. मम्मीने पदर तोंडाला लावला.
बाहेर तिचे वडील समोर आले. मारतील वाटलं, मारायला हवं होतं. "का रे?" एवढंच.  थोडं थांबले, स्कूटर चालू केली, गेले.
फादर: "माईक रॉकीकडे दे. लीडरचं जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर बघू. तोवर गोठा पुरा कर."
 रॉकीने या वेळी बांबू बरोबर मापाचे आणले.

२४ डिसें., सकाळ
गोठ्यात एकटाच होतो. सिल्विया आली. हातात उगवलेल्या नाचणीची ताटली, दरवर्षी तीच पेरते, गोठ्यातल्या हिरवळीसाठी. बोटभर कोंब. मी "सॉरी" म्हटलं. म्हणजे नुसते ओठ हलले बहुतेक. तिने ताटली गव्हाणीशेजारी ठेवली, एक कोंब सरळ केला.
"पाणी मारायला कोण आहे?"
"मी."
"तीन राजांच्या सणापर्यंत राहायला पाहिजे. नुसतं शिंपडायचं, ओतायचं नाही." जाताना वळली. वाटलं काहीतरी... "चार तारखेलाही मार. विसरशील."
गेली.
चारला लग्न दहाच्या मिस्सेत. पाणी सकाळी सहालाच मारून ठेवता येईल, मग कुठेही निघून जाता येईल. किंवा साडेनऊला, लोक यायला लागल्यावर, सगळ्यांदेखत.
अजून ठरलं नाही.