सावित्राबाईचे डोळे

गुरुवार, २० नोव्हेंबर, गोंडपिपरी

शेजारच्या सावित्राबाईची उद्या तेरवी. तिच्या मुलाच्या, रमेशच्या, मोबाइलमध्ये बैलांचे चाळीस फोटो आहेत, आईचा एकही नाही! आधार कार्डावरचा चेहरा ओळखूही येत नाही. शेवटी माझ्याकडे आला. नवा छोटा कॅमेरा शिकताना मी तिचा एक फोटो काढला होता. नेमके तेव्हाच तिने डोळे मिटलेले.

"बाई, तेवढे डोळे उघडून द्या नं," म्हणाला. जशी काही खिडकीच आहे.

ती माझ्याच वयाची, चेहऱ्याची ठेवणही तशीच. मग सरावासाठी काढलेल्या माझ्या फोटोतले डोळे कापून कॉम्प्युटरवर तिच्या चेहऱ्यावर बसवले. रंग जुळवला, कडा पुसट केल्या. इतके छान बसले की मलाच अभिमान वाटला. कोणाला सांगितलं मात्र नाही.

आज दुपारी रमेशला प्रिंट दाखवली. त्याने बघितली आणि उलटी करून ठेवली.

"माही माय अशी रागानं कधी पाहे नाई, बाई. काऊन अशी पाहून राह्यली?"

रागानं मी बघते. पण उद्या हार घालून सगळं घर माझ्या डोळ्यांपुढे वाकणार? छे! खोट्यासाठी मिशनच्या शाळेत सिस्टरांनी मारलेली पट्टी अजून आठवते. मिटलेल्या डोळ्यांचाच फोटो द्यावा, म्हणून आत्ता कॉम्प्युटर उघडला.

तो फोटो नाही. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरचा मी मागेच पुसला होता, आणि बदल केले ते मूळ फोटोवरच सेव्ह झाले.

सावित्राबाईचा आता हा एकच चेहरा उरला आहे, आणि त्यातून मी बघते आहे.