अण्णा, तुमच्या रानातला केना

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला तुमचा राग आत्ता आलाय. व्हाइटफील्डच्या रस्त्यावर ऑफिसच्या कॅबमध्ये बसून लिहितेय. ड्रायव्हर म्हणतो, "स्वल्प लेट, मॅडम." होऊ दे.

सोयाबीनला तणाचं औषध मारायचं नाही, हा तुमचा हट्ट. सगळा गाव पेरायला पळायचा आणि तुम्ही आधी तण उगवू द्यायचात, ते कोवळं असतानाच कुळवाने मोडायचात, मग पेरणी. ओळी जवळजवळ, म्हणजे पानं लवकर एकमेकांना भिडतात आणि खाली ऊन पोचत नाही. उरलेलं तण, बहुतेक तो चिवट केनाच, मी खुरपायचं. नववीत तालुक्याला खो-खोचे सामने होते, मी संघात होते, आणि तुम्ही मला रानात बसवलंत. रडले तर म्हणालात, "विष मारलेलं पोरीला खायला घालू?" त्या एका वाक्यावर मी सामने विसरले हो!

इतकी वर्षं रान दुसऱ्याला कसायला दिलेलं, यंदा मी हातात घेतलं. तुमच्या जुन्या गड्याला वाट्यानं दिलं आणि फोनवर तुमची सगळी पद्धत शब्दन् शब्द सांगितली. इथं सोसायटीतल्या बायकांना सांगून ठेवलं, बिनऔषधाचं सोयाबीन देते. महिन्याने निपाणीला रानात जाऊन बघते तर केना सोयाबीनच्या वर. गडी खाली बघत म्हणाला, "अक्का, रागावू नका. अण्णा पेरल्यावर दोन दिवसांत औषध मारायचे. तुम्ही शाळेत गेलात की. पंप आमच्या गोठ्यात असायचा."

"मग मी काय खुरपत होते?"

"औषधातनं सुटलेलं."

मी बांधावरच बसले. फसवलंत, अण्णा. औषध मारलंत तर मारलंत, पण मग ते विषाचं कशाला बोललात? एवढ्याशा पोरीला खरं सांगायला काय झालं होतं? लोकांसमोर मिरवायला मी हवी होते, खुरपं घेतलेली.

हे पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही उलट विचारलं असतंत, मग तू काय केलंस? गड्याला मी म्हटलं, मार. काल लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "बिनऔषधाचंच ना?" त्यांच्या कडेवर नात होती. मी हो म्हटलं, आणि वर तुमचं नाव सांगितलं.