राखणदाराची बकुळ

९ फेब्रुवारी
बागेच्या फाटकावर नगरपरिषदेचा कागद. अर्धी बाग पार्किंगला. म्हणजे बकुळ जाणार! शेजारची कुसुम म्हणाली, "अगो, बीपी वाढेल तुझं." वाढू दे.

१० फेब्रु.
झोप नाही. बाजारपेठेतला तळहाताएवढा तुकडा, पण आमचं सगळं तिथेच. पूर्वी बैलगाड्यांचा तळ होता, आबा सांगायचे. मग न.प.ने बाग केली. खांबावर भोंगा, संध्याकाळी रेडिओ. मिरकरवाड्याच्या मासळीवाल्या पाट्या उतरवून बातम्या ऐकत बसायच्या. आम्ही पोरी बकुळीखाली, सुईशिवाय, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात फुलं ओवत. बुंध्याशी राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, शेंदरी दगड तेव्हाही होता. रेडिओ कधीच गेला. आता बकुळही गेली तर संध्याकाळी जाऊ कुठे मी? घरी टीव्ही आहे आणि भिंती.

१२ फेब्रु.
झाड तोडायचा ठेका दिन्याकडे. माझाच विद्यार्थी, गणितात सदा काठावर. बागेतच गाठला. "बाई, माझ्या हातात काय नाय. पण राखणदाराला इचारल्याशिवाय मी झाडाला हात लावायचा नाय."
एकदम सुचलं. म्हटलं, मग कौल लाव, सगळ्यांसमोर. देव नको म्हणाला तर तूही न.प.ला नाही म्हणायचं. कबूल झाला.
माझा देवावर काडीचा विश्वास नाही. पण दगडाच्या दोन्ही अंगांना एकेक पाकळी, डावी आधी पडली की नकार. निम्मी शक्यता. कोर्टापेक्षा बरी.
कुसुम चिडली. "इचारलंस की ऐकायला लागतं हां. देव म्हणजे चेष्टा नाय."

१४ फेब्रु.
सकाळी कौल. गुरवकाकांनी पाकळ्या पाण्याने चिकटवल्या. कौल मी मागितलेला, म्हणून बोलायचंही मीच. म्हटलं, झाड तोडायला तुझी हरकत नसेल तर उजवी दे.
उजवी पडली. लगेच. वारा म्हणावा तर पानही हलत नव्हतं.
कुसुमने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१५ फेब्रु.
झाड वाचवा म्हणून न.प.ला द्यायच्या अर्जावर सह्या केलेले एकेक करून मागे फिरले. "देवानंच सांगितलं, आता काय?" मी मानतच नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? मग विचारलंस कशाला, म्हणतील. बरोबरच म्हणतील. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.
राग दगडाचा नाही, माझाच येतोय. उद्या तोडणार.

१६ फेब्रु. सकाळ, बागेत
करवतवाले आले. कुसुम माझ्याआधी बाकावर येऊन बसलेली, डोळे लाल. दिन्याने माझ्या हातात नारळ दिला. "बाई, गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं. कौल ज्यानं मागितला, त्यानंच देवाला सांगून मोकळं करायचं. त्याशिवाय करवत लागायची नाय."
हात जोडले. शब्दच फुटेना. खरंच फुटेना. म्हटलं, मला गाऱ्हाणं येत नाही रे, आधी लिहून काढते. पिशवीत हीच वही होती.
करवतवाल्याचं दोनदा घड्याळ बघून झालं. "आजी, किती वेळ?" म्हटलं, देवाशी बोलायचं, चूक नको व्हायला. दिन्या माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलंय की नाही, कळत नाही. मग त्यांना म्हणाला, "बसा रे. चहा सांगतो."
कुसुम सरकून जवळ आली. वहीत डोकावली.
न.प.चा साहेब फाटकातून आत येतोय. मी मान वर करत नाही. लिहिते आहे.