आईच्या खोलीतला हीटर

बाबा,

आज कामावरून थेट वर्गाला जातेय, यायला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. माझ्यासाठी ताटकळत बसू नका.

माझ्या शाश्वत विकासाच्या प्रबंधातलं आपल्या घरच्या विजेचं प्रकरण मॅडमनी परत पाठवलं. दरडोई वापर काढताना मी तीननं भागलं होतं. त्यांनी विचारलं, "घरात तिसरं कोण?" आईला जाऊन वर्ष होत आलं, तरी माझा हात तीनच लिहितो.

दोननं भागलं, तर आपण दोघं भलतीच वीज जाळतो असं दिसतं. कारण प्रबंधासाठी मी घरात लावलेल्या मीटरवर दिसतं, आईच्या बंद खोलीतला हीटर रोज संध्याकाळी चालू होतो. विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तुझ्या मीटरलाच भुतानं झपाटलंय." मी मीटर बदलून पाहिला, तरी तेच. काल लवकर सुटले, घरी आले तेव्हा तुम्ही फिरायला गेला होतात. खोली उबदार होती आणि तिची शाल पलंगावर उलगडून ठेवलेली होती. मी उंबऱ्यातच थांबले. हाक मारली तर ओ येईल, असं वाटलं. म्हणून मारली नाही.

मॅडमना आज 'दोन' लिहून देतेय, आणि जास्तीची वीज आईच्या खोलीची, हेही. पुढे त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत.

हीटर बंद करू नका. पडदा त्याला चिकटत होता, म्हणून आज सकाळी आत जाऊन हीटर पलंगाकडे सरकवलाय. आई बसल्या बसल्या हात शेकायची, तेवढा जवळ.

तुमची मीटरवाली