भिंतीवरच्या गुलाबाचं साल

हॅनरहनबाई,

किल्ल्याच्या बागेचे चाळीस फोटो काढून झाले. १८८० च्या जुन्या नकाशानंतर लावलेलं प्रत्येक झाड उपटायचं असं तुमच्या समितीनं ठरवलंय, म्हणून फोटोंमागे लागवडीची सालं लिहिली. दक्षिणेच्या भिंतीवरच्या गुलाबामागे मी १८७० लिहिलं. ते खोटं आहे.

आमची लेक ओरला तापानं गेली, त्या आठवड्यात माझ्या नवऱ्यानं, कोलमनं, तो लावला. कोलम इथल्या साहेबांकडेच माळी होता.

"साहेबांना काय सांगशील?" मी विचारलं.

"सांगेन, तुमच्या आजोबांनीच लावलाय. म्हातारा थोडाच उठून नाही म्हणायला येतोय!"

आता कोलमही नाही. साल खोडायला दोनदा पेन उचललं, पण हात चालला नाही. फोटो उद्या पाठवते. हे पत्र नाही पाठवत.

कोलमची बायको,
डिंफ्ना