सोळा घोडे हवेत

तीर्थस्वरूप भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (तुम्हाला सध्या वाकायची बंदी आहे, म्हणून तुमच्या वाटणीचंही मीच वाकलो.) गुडघ्याचे टाके सुकले असतील. ताई ठणठणीत असेलच. तिला आजारी पडायला तुम्ही सवड कुठे देता?

तुमची चिठ्ठी मिळाली. ऑपरेशननंतर तीन तास टेबलाशी उभं राहवणार नाही, सबब रविवारची आपली वार्षिक खेळण्यांची लढाई मीच जिंकलो असं समजावं, हे वाचून माझा पारा चढला. नऊ वर्षं तुमच्या प्लास्टिकच्या फौजेकडून मी रीतसर मार खातोय आणि त्याची भरपाई तुम्ही एका चिठ्ठीवर करता? मला हे मुळीच मान्य नाही. त्यातून यंदा माझ्याकडे घोडदळ आहे. ते कसं उभं राहिलं (उभं म्हणजे, तसं उभं नाही, पण ते पुढे येईलच) हे तुम्हाला ऐकावंच लागेल.

खेळण्यांच्या दुकानदाराला मी लिहून पाठवलं होतं, 'सोळा घोडे हवेत, स्वार नकोत.' स्वार मी घरच्या जादा पायदळातूनच करणार होतो. दुकानदार भला माणूस, पण नको इतका शब्दाला जागणारा. त्याने सगळं गोदाम पालथं घालून सोळाच्या सोळा घोडे हवेत असलेले पाठवले. अडथळ्यांच्या शर्यतीतले! पुढचे पाय छातीशी, मागचे ताणलेले, एकाचा खूर जमिनीला लागेल तर शपथ. जाब विचारायला गेलो तर म्हणतो, "तुम्हीच लिहिलंत ना, हवेत म्हणून? आणि वरचे स्वार उपटताना माझी नखं गेली, ते वेगळंच."

मग स्वारांच्या मागे लागलो. ताठ उभ्या शिपायाला खोगिरावर बसवायचं म्हणजे कमरेतून कापा, पाय गरम पाण्यात मऊ करा, फाकवा, तलवारीसाठी हातही कापा आणि सगळं परत चिकटवा. पाय उकळायला मी चहाची गाळणी घेतली (धुतली होती. नंतर.). कमरेच्या फटी बुजवायला आमच्या कवळ्यांच्या कारखान्यातला मसाला आणला. तो पडला हिरड्यांच्या रंगाचा, त्यामुळे माझं घोडदळ तूर्तास गुलाबी चड्ड्यांत आहे. या गडबडीत एक स्वार कवळीच्या डबीतून एका निवृत्त मास्तरांच्या घरी पोचला. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, तर मास्तर बोळक्या तोंडाने म्हणाले, "दातांचं होऊ द्या सावकाश. पण याची तलवार डाव्या हातात का?" बघतो तर खरंच. सोळाही जणांचे हात मी उलटसुलट चिकटवले होते. पुन्हा सगळे कापले.

घोड्यांना पोटाखालून दातांच्या कामाची तार खुपसली आहे. ते आता जमिनीपासून दोन बोटं वर तरंगतात आणि पंखा लावला की थरथरतात. तुमच्या भालाइतांनी सांभाळून राहावं, एवढंच सांगतो.

तुमचा,
नऊदा हरलेला मेहुणा

ता. क. - खरं सांगू? तुमच्याशिवाय जिंकण्यात मला काडीची गंमत वाटत नाही. म्हणून तुम्हाला खुर्चीत पाय लांब करून खेळता यावं यासाठी आमच्या जेवणाच्या टेबलाचे पाय वीतभर कापले. (कापण्यात हात बसलाच होता.) एक पाय जरा आखूड झाला, म्हणून उरलेले तीन कापले. मग दुसराच आखूड निघाला. सध्या टेबल माझ्या पोटरीला लागतं, पण आता अजिबात डुगडुगत नाही.

ता. क. दुसरा - रविवारी रिक्षा घेऊन मी स्वतः न्यायला येतो, नाही म्हणू नका. टेबल तुमच्यासाठी कापलं, असं मी हिला सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, "मग ते आलेच पाहिजेत." भाऊजी, हे म्हणताना करवत तिच्या हातात होती.