दुसरं कमावतं कोण?

कुपवाड,
गुरुवार, ८ एप्रिल २०२१

सौ. मंगल हिला शालनचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आजकाल नुसता फोन वाजला तरी छातीत धस्स होतं, म्हणून हे आधी लिहिलं. आम्ही सगळे बरे आहोत. आमच्या ह्यांना, सुभेदारांना, जानेवारीत कोरोना होऊन गेला. चौदा दिवस माडीवर एकटे होते आणि तिथून आम्हाला हुकूम सोडत होते. पलटण सुटली तरी सवय सुटली नाही बघ. अंकिताचं कॉलेज मोबाईलवर चाललंय. तुम्ही खोली सोडून म्हसवडला गेलात त्याला आता आठ महिने झाले. आकारामदाजी कसे आहेत? लेक सृष्टी कशी आहे?

फोन का केला नाहीस म्हणशील. तीनदा केला. तिन्ही वेळा दाजींनीच उचलला आणि तू रानात गेलीस म्हणाले. आपली पॅकिंगची दगडाबाई उद्या भावाच्या गाडीवरून तिकडं म्हसवडला माहेरी येऊन संध्याकाळी परतणार आहे, कारण शनिवार-रविवार सगळं बंद. तिच्या हाती हे देते. तिच्यासमोर वाचू नकोस, ती तुझ्या तोंडाकडं बघत बसेल आणि मग इथं येऊन सगळ्यांना सांगेल.

कारखान्यात सगळं तसंच आहे. पंपाचे भाग तेच, शेठ तेच, फक्त चहा पहिल्यापेक्षा पातळ झालाय. लालासाहेब रजेवर गेला की ड्रिल मशीन बंद राहतं. पूर्वी तो नसला की तू चालवायचीस. मागच्या महिन्यात चार दिवस ते नुसतं झाकून ठेवलं होतं, तेव्हा शेठ म्हणाले, ती मंगल होती तेव्हा बरं होतं. मी मान खाली घालून मापाचे गेज पुसत बसले.

सुभेदारांनी दारात शेवगा लावलाय, तो आता खिडकीएवढा झालाय. हे मी का लिहितेय? लिहायचं दुसरंच आहे आणि हात तिकडं जाईना. बरं, सांगते.

परवा शेठनी बोलावलं. परत बंद होणार म्हणतात, दहाच माणसांवर चालवायचं. पहिल्या लॉकडाऊनच्या आधी आपण वीस जण होतो, त्या विसातून दहा नावं काढून सोमवारी द्या, म्हणाले. मागच्या वेळेसारखीच काढा, म्हणजे भांडण नको.

मागच्या वेळेसारखी म्हणजे मागच्या जूनची. ती यादी माझ्या ट्रंकेत होती. त्या वेळी विसातले बारा ठेवायचे होते. नऊ गडी राहिले, आणि अकरा बायकांतून तिघी. आठ जणींना मी फोन करून येऊ नका सांगितलं, त्यात तू होतीस. मी तेव्हा तुला म्हणाले, शेठनी ठरवलंय. खोटं बोलले मी. शेठनी एवढंच सांगितलं होतं की बाई, ज्यांच्या घरात दुसरं कुणी कमावतं त्यांना आधी थांबवा. नावं मीच लिहिली.

मला तो नियम तेव्हा लय न्यायाचा वाटला. कुणाची चूल बंद पडू नये, यात वाईट काय? मी पट्टी घेऊन रकाने आखले. नाव, काम, घरात दुसरं कमावतं कोण. एकेकीला फोन केला. वाटलं, किती नीट काम करतोय आपण.

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर मी ती यादी उतरवायला बसले तर अंकिता शेजारी येऊन वाचायला लागली. म्हणाली, "आई, गड्यांच्या नावापुढं हा रकाना रिकामा का?"

मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं? गडीमाणसं ती.

मग तिनं बोट खाली सरकवलं आणि म्हणाली, "आणि तुझ्या नावापुढं?"

माझ्या नावापुढं रेघ होती, मंगल. सुभेदारांची पेन्शन दर महिन्याला येते, हे सगळ्या कुपवाडला माहीत आहे. मी दहा घरांना विचारलं आणि माझं घर विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मी विचारलंच नाही.

काल मग डोकं फिरलं आणि मी चहाच्या सुट्टीत वही घेऊन गड्यांना विचारायला गेले. काय तमाशा झाला म्हणून सांगू! लालासाहेब असा भडकला की मास्क गळ्यात आला. त्याची बायको शाळेत मास्तरीण आहे, पगार एक दिवस चुकलेला नाही. म्हणाला, मी काय बायकोच्या जिवावर जगतो काय? दोघं तोंड फिरवून बाहेर गेले. एकटा गुंडा तेवढा म्हणाला की ताई, माझी बायको मिरचीच्या गिरणीत जाते आणि माझ्यापेक्षा जास्त आणते, लिवा. त्यालाही बाकीचे हसले. शेठनी आत बोलावून सांगितलं, बाई, असले प्रश्न गड्यांना विचारायचे नसतात, कामावर परिणाम होतो. दहा बायकांना विचारले तेव्हा झाला नव्हता.

घरी येऊन म्हटलं, माझंच नाव काढते, म्हणजे फिटलं. तर अंकिता उसळली. म्हणे, त्यानं गडी कमी होणार आहे का? बाईच कमी होणार ना परत? सुभेदार पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पेन्शन माझी हाय. ती तुझी कमाई न्हवं."

रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं. सुभेदारांचं खरं असेल तर मग तुझ्याबाबतीतही तेच खरं. दाजी खणखणीत कमावत असते तरी तुझं काम तुझंच होतं. मग तो प्रश्न मुळातच चुकीचा होता का? पण ज्या बाईच्या घरात कुणीच नाही, दगडाबाईसारखी, तिचं काय? तिला आधी घ्यायला नको का? मला काही कळेना झालंय. एक टोक धरावं तर दुसरं सुटतं.

एक गोष्ट मात्र कळते, आणि तीच लिहायला वर्ष लागलं.

जूनमध्ये मी तुला फोनवर विचारलं, मंगल, घरात दुसरं कमावतं कुणी हाय का? तू जराशी थांबलीस. मग म्हणालीस, "हाय की. आमचं मालक हायेत की."

दाजी शेजारीच असणार. आणि नसते तरी तू तेच म्हणाली असतीस. नवरा बसून आहे असं आपल्यातली कुठली बाई बोलेल? मी तरी बोलले असते का? पण मंगल, कमरेचा तेवढा त्रास झाल्यापासून दाजींनी टेम्पोला हात लावला नव्हता, हे मला माहीत होतं. तुमच्या दारात तो टेम्पो बसल्या टायरावर उभा होता, तो मी बघितला होता. शेकायला निर्गुडीचा पाला मीच आणून दिला होता. आणि तरी मी "होय" लिहिलं. यादी बाराच्या वर जात होती. तुझ्या "हाय की"नं ती बरोबर बसली. बाकीच्यांचं मला माहीत नव्हतं, तुझं माहीत होतं.

वर्षभर मी सगळ्यांना सांगितलं की तीच म्हणाली म्हणून लिहिलं. आता नाही सांगणार.

दगडाबाई म्हणत होती की सृष्टीला बघायला मेढ्याकडचे पाहुणे येणार आहेत. तिला सोळा तरी पुरी झालीत का गं? मला बोलायचा हक्क नाही, हे माहीत आहे. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिनं मला पेढा आणून दिला होता, आणि अकरावीला सांगलीला जाणार म्हणाली होती. ती गेली नाही, ते माझ्या त्या एका शब्दामुळं की आणखी कशामुळं, हेही मला उमगत नाही. पण पाहुण्यांना नको म्हणून सांग. मी पाया पडते तुझ्या.

नवी यादी मी आज केली. कमावतं कोण हा रकानाच ठेवला नाही. त्या जागी लिहिलं, कुणाला काय येतं. तुझ्या नावापुढं आलं: तपासणी, पॅकिंग, ड्रिल. लालासाहेबाच्या नावापुढं फक्त ड्रिल. गुंडा आहे, दगडाबाई आहे. नऊ नावं झाली, त्यात तू तिसरी आहेस. दहाव्या जागेला लालासाहेब आणि मी दोघं उरलो. माझ्या नावापुढं लिहिलंय, तपासणी आणि याद्या करणे. दहावी ओळ अजून कोरी आहे. सोमवारी सकाळपर्यंत कळेल, नाहीतर कोरीच देईन. शेठ यादी फाडतीलही. पण तुझं नाव खोडायचं झालं तर त्यांना ते स्वतःच्या हातानं खोडावं लागेल.

येणार असशील तर सोमवारी आठला गेटवर ये. राहायला आमची माडी रिकामी आहे, सृष्टीला घेऊन ये. सुभेदारांशी बोलून झालंय, त्यांनी पंखा पुसून ठेवलाय.

आणि दगडाबाई परत निघताना तिच्या हाती चिठ्ठी दे. यादीसाठी नको, तिथं आता कुणी विचारत नाही. मी विचारते म्हणून सांग, एकदा. घरात कमावतं कोण होतं, मंगल?

उत्तर माहीत असून खोटं लिहिणारी,
शालन